घर एक, चुली वेगळ्या: एका संगणकावर चौघांचे ब्राउझर

परवा पुतण्याच्या वर्गशिक्षिकांचा वहिनीला फोन आला. ऑनलाइन तासाला तुमचा मुलगा चार दिवस गैरहजर आहे, एक आजोबा मात्र न चुकता येऊन बसताहेत. पुतण्या रोज तासाला बसत होता हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. घोळ वेगळाच होता. हॉलमधल्या संगणकावर सकाळी बाबा पेन्शनची मेल बघतात आणि चहाची हाक आली की आहे तसं टाकून उठतात. साडेआठला पुतण्या त्याच ब्राउझरमध्ये तासाच्या लिंकवर क्लिक करतो. खुर्चीतला माणूस बदलला हे ब्राउझरला कोण सांगणार? त्याच्या लेखी अजून बाबाच बसलेले. हजेरी लागली ती त्यांची. मुलं कॅमेरा बंद ठेवतात, त्यामुळे हे आजोबा दिसतात कसे, तेही बाईंना कळलं नाही.

आमच्याकडे संगणक एक आणि माणसं सहा. त्यातली चार रोज त्यावर बसणारी. अशा घरासाठीचा उपाय ब्राउझरमध्ये कित्येक वर्षं तयार आहे. त्याला प्रोफाईल म्हणतात. वर उजव्या कोपऱ्यात, पत्त्याच्या पट्टीच्या शेजारी, एक छोटं गोल चित्र असतं ना, तेच त्याचं दार. बहुतेकांनी ते चित्र रोज पाहिलेलं असतं आणि शोभेचं समजून सोडून दिलेलं असतं.

प्रोफाईल कसं काढायचं ते सांगायला चार ओळी पुरतील. पण ते नेमकं काय वेगळं करतं आणि काय करत नाही, हे कळलं नाही तर माणूस एकतर त्याचा कंटाळा करतो किंवा त्याच्यावर नको इतका भरवसा ठेवतो. दुसरं जास्त धोक्याचं. म्हणून थोडं मागून सुरू करतो.

चपलांचा बिल्ला

वेबचा मूळ स्वभाव विसराळू आहे. तुम्ही एखाद्या संकेतस्थळाचं एक पान मागता, ते पान मिळतं, व्यवहार संपला. दुसरं पान मागायला गेलात की तुम्ही त्याच्यासाठी पुन्हा नवखे. नुसती माहिती वाचायची असेल तोवर हे चालून गेलं. पण इंटरनेटवर दुकानं निघायला लागली तेव्हा अडचण आली. गिऱ्हाइकाने टोपलीत एक वस्तू टाकली आणि पुढच्या पानावर गेला की टोपली कुणाची हेच दुकान विसरायचं. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या प्रोग्रॅमरने त्यावर तोडगा काढला. संकेतस्थळाने ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि दर वेळी पान मागताना सोबत दाखवायची. हीच ती कुकी.

मोठ्या देवळाबाहेर चपला ठेवायला जातो तेव्हा पितळेचा एक बिल्ला मिळतो, तो डोळ्यांसमोर आणा. स्टँडवाला तुमचा चेहरा लक्षात ठेवत नाही, नावही विचारत नाही. ४७ नंबरचा बिल्ला दाखवला की ४७ नंबरच्या चपला समोर येतात. तुम्ही दाखवा, तुमच्या मुलाने दाखवा, नाहीतर वाटेत सापडलेला बिल्ला घेऊन तिसऱ्याच कुणी दाखवा. लॉगिन असंच चालतं. पासवर्ड तुम्ही एकदाच देता, त्या बदल्यात संकेतस्थळ बिल्ला देतं आणि मग तो बिल्ला ब्राउझरच्या खिशात असेपर्यंत समोर कोण बसलंय याची कुणी चौकशी करत नाही. लॉगआउट म्हणजे बिल्ला परत करणं. बाबा चहाला उठतात तेव्हा तो ब्राउझरच्या खिशातच राहतो, इतकंच झालं होतं.

यातच आणखी एक कोडं सुटतं, ज्याने मला एकदा चांगलंच दमवलं होतं. मावसबहिणीच्या जुळ्या मुलांचे प्रवेशाचे अर्ज भरायचे होते. शेवटचा दिवस, म्हणून मी हुशारी केली. एका टॅबमध्ये थोरल्याचं लॉगिन, शेजारच्या टॅबमध्ये धाकट्याचं, दोन्ही अर्ज एकदम. पहिल्या टॅबवर वर थोरल्याचं नाव दिसत होतं, मी त्याचे फोटो आणि सही चढवली, आणि ती गेली धाकट्याच्या अर्जात. झालं असं, की टॅब दोन असले तरी ब्राउझरचा खिसा एकच असतो. धाकट्याचं लॉगिन झाल्याबरोबर थोरल्याचा बिल्ला काढून त्याच जागी धाकट्याचा ठेवला गेला. पहिल्या टॅबवरचं पान आधी आलेलं होतं म्हणून नाव जुनं दिसत होतं. पण तिथून पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर बिल्ला जात होता नवा. जुळे असल्यामुळे फोटो खपून गेला असता. सही खपली नाही.

त्या दिवशी मला प्रोफाईल माहीत असतं तर दोन खिडक्या, दोन खिसे, अर्ध्या तासात काम झालं असतं.

प्रोफाईल म्हणजे वेगळी चूल

एका वाड्यात चार भाऊ राहतात आणि प्रत्येकाची चूल वेगळी असते, तसं हे. वाडा एक, विहीर एक, दिंडी दरवाजा एक. पण याच्या डब्यातलं मीठ त्याच्या आमटीत पडत नाही.

ब्राउझरमध्ये नवं प्रोफाईल काढलं की त्याला सगळं स्वतःचं मिळतं. कुकीज वेगळ्या, म्हणजे लॉगिनं वेगळी. कुठकुठली पानं पाहिली त्याची नोंद वेगळी. बुकमार्क, साठवलेले पासवर्ड, फॉर्ममध्ये आपोआप भरला जाणारा पत्ता आणि फोन नंबर, जोडलेली एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम), कुठल्या संकेतस्थळाला कॅमेरा वापरू द्यायचा आणि कुठल्याला सूचना पाठवू द्यायच्या याचे निर्णय, सगळं वेगळं. अक्षरांचा आकारसुद्धा. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आमच्या घरात प्रोफाईल रुजलं ते याच कारणाने. आईला अक्षरं मोठी लागतात. ती यूट्यूबवर भजनं लावून उठली की पुढच्या माणसाला सगळी पानं भिंगातून बघितल्यासारखी दिसायची. तो चिडून आकार कमी करायचा, मग संध्याकाळी आई चिडायची. आता तिच्या प्रोफाईलमध्ये अक्षरं कायमची मोठी आहेत आणि इतर कुणाला त्याचा पत्ताही नाही.

पडद्यामागे यात काही जादू नाही. प्रोफाईल म्हणजे डिस्कवरचं एक फोल्डर. क्रोममध्ये पहिल्या प्रोफाईलच्या फोल्डरचं नाव ‘डिफॉल्ट’ असतं, पुढच्यांची ‘प्रोफाईल १’, ‘प्रोफाईल २’ अशी. तुम्ही वरून ‘आई’ असं नाव दिलंत तरी आतल्या फोल्डरचं नाव बदलत नाही. त्या फोल्डरमध्ये बुकमार्कची फाईल, भेट दिलेल्या पानांची फाईल, कुकीजची फाईल अशी मांडामांड असते. प्रोफाईल बदलणं म्हणजे ब्राउझरने एक फोल्डर बाजूला ठेवून दुसरं उघडणं. सगळं फोल्डरमध्येच असतं, हे लक्षात ठेवा. पुढे सुरक्षिततेचा विषय निघेल तेव्हा कामाला येईल.

ही कल्पना तशी जुनीच. १९९७ च्या नेटस्केप कम्युनिकेटरमध्येही प्रत्येकाचं वेगळं प्रोफाईल ठेवायची सोय होती, कारण तेव्हा घरात एकाहून जास्त संगणक असणं ही चैनच होती. त्याच घराण्यातल्या फायरफॉक्सकडे ती वारशाने आली, पण वर्षानुवर्षं ती अशी आडबाजूला ठेवलेली होती की जाणकारच तिथे पोचायचे. २०२५ मध्ये कुठे ती सरळ मेनूत आली. क्रोममध्ये प्रोफाईल २०११ च्या शेवटी आलं, सफारीत २०२३ साली. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्येही ते आहे आणि क्रोमसारखंच चालतं.

काढायचं कसं, बदलायचं कसं

क्रोममध्ये कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करा. खाली यादी उघडते, तिच्या तळाशी नवं प्रोफाईल जोडायची सोय असते. तिथे ब्राउझर विचारतो की गूगल खात्याने आत यायचंय की खात्याशिवाय. खातं दिलंच पाहिजे असं मुळीच नाही. आईचं प्रोफाईल आमच्याकडे खात्याशिवायच आहे. मग नाव द्यायचं, रंग निवडायचा, झालं.

रंग मात्र मन लावून निवडा. एकाच वेळी दोन प्रोफाईलच्या विंडो उघड्या असतात तेव्हा कुठली कुणाची हे ओळखायला रंगाइतकं भरवशाचं काही नाही. नाव वाचायला लागतं, रंग नुसता दिसतो. आमच्याकडे बाबांचा पोपटी, आईचा जांभळा, पुतण्याचा केशरी आणि माझा काळा. बाबांना प्रोफाईल हा शब्द आजही आवडत नाही. ‘माझा पोपटी उघडून दे’ एवढंच ते म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तेवढं पुरतं.

बदलायलाही तेच गोल चित्र. दुसऱ्याचं नाव निवडलं की त्याची स्वतंत्र विंडो उघडते. पहिली बंद करावी लागत नाही आणि कुणाला लॉगआउटही करावं लागत नाही. कीबोर्डवरून करायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एम एकदम दाबा, यादी समोर येते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी याहून सोपी युक्ती म्हणजे प्रत्येकाच्या प्रोफाईलचं चिन्ह थेट डेस्कटॉपवर आणून ठेवणं. ती सोय क्रोमच्या सेटिंगमध्ये, प्रोफाईलचं नाव आणि रंग बदलतो त्याच पानावर असते. शिवाय ब्राउझर उघडताना आधी ‘कोण बसलंय?’ असं विचारणारा पडदाही लावता येतो. आमच्याकडे तो लावलेला आहे. पुतण्याची हजेरी तेव्हापासून नीट लागते आहे.

एका ठिकाणी मात्र अजूनही फसायला होतं. बाहेरून आलेली लिंक. संगणकावरच्या वॉट्सॲपमध्ये किंवा मेलच्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही लिंकवर क्लिक केलंत की ती साधारणपणे शेवटी वापरलेल्या प्रोफाईलच्या विंडोत जाऊन उघडते. तुमच्या मनात कुठलं प्रोफाईल आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. म्हणजे पुतण्याची लिंक पुन्हा बाबांच्या पोपटीत. एजमध्ये अशा लिंका कायम अमुकच प्रोफाईलमध्ये उघडाव्यात असं ठरवून देता येतं. क्रोममध्ये मी सरळ लिंक कॉपी करतो आणि हव्या त्या विंडोत चिकटवतो. लिंक ब्राउझरमधल्याच एखाद्या पानावर असेल तर तिच्यावर उजवं क्लिक केल्यावर दुसऱ्या प्रोफाईलमध्ये उघडायचा पर्यायही दिसतो.

खातं बदलणं आणि प्रोफाईल बदलणं

यात सगळ्यात जास्त गल्लत होते, आणि ती होण्यात लोकांची चूक कमी आहे. जीमेलच्या पानावरही उजव्या कोपऱ्यात एक गोल चित्र असतं. ते पानाच्या आत. ब्राउझरचं त्याच्या वर, पट्टीत. दोन्ही गोल, दोन्हींत बहुधा तोच फोटो, दोन्हींवर क्लिक केलं की नावांची यादी. काम मात्र निराळं.

जीमेलच्या आतल्या चित्रावरून तुम्ही दुसरं खातं जोडलंत तर एकाच खिशात दोन बिल्ले येतात. गूगल मुद्दाम तशी सोय करतं. पत्त्याच्या पट्टीकडे नीट बघितलंत तर पहिल्या खात्याला शून्य आणि दुसऱ्याला एक असा आकडा दिलेला दिसेल. पण जो आधी आत आला तो यजमान. कुणी पाठवलेला फॉर्म किंवा मीटिंगची लिंक उघडली की गूगल सहसा त्या पहिल्या खात्याच्या नावाने उघडतं. ‘तुम्हाला परवानगी नाही’ असं पान येतं आणि माणूस समोरच्याला फोन करतो की लिंक चालत नाही. लिंक चालत असते, बिल्ला चुकीचा दाखवलेला असतो. त्यातून इतिहास, बुकमार्क आणि पासवर्ड हे सगळं दोघांचं एकाच डब्यात.

प्रोफाईल बदललं तर असलं काही होत नाही, कारण खिसेच वेगळे. साधा नियम: माणूस बदलला की प्रोफाईल बदलावं. एकाच माणसाची दोन खाती असतील, समजा घरची मेल आणि सोसायटीच्या सेक्रेटरीपदाची मेल, तर जीमेलच्या आत बदललं तरी चालतं. ऑफिसचं खातं असेल तर मात्र एकच माणूस असूनही वेगळं प्रोफाईल करा. ऑफिसच्या खात्यावर संस्थेचा अंमल असतो. कुठली एक्स्टेन्शन्स चालतील, कुठली नाही, हे त्यांचा संगणक विभाग ठरवू शकतो, आणि तो अंमल घरच्या बुकमार्कांवर चालावा असं कुणाला वाटेल?

याच जागी सिंकचा, म्हणजे ब्राउझरमधला ऐवज खात्यामार्फत सगळ्या उपकरणांवर सारखा ठेवायच्या सोयीचा, एक खड्डा आहे. २०१८ च्या सप्टेंबरात क्रोमने असा बदल केला की जीमेलमध्ये लॉगिन केलं की ब्राउझरही आपोआप त्या खात्याने सुरू व्हावा. त्यावर बरीच ओरड झाली, पुढच्या आवृत्तीत ते बंद करायचा पर्याय आला, पण मुळातली पद्धत तीच राहिली. त्यामुळे आपण नुसती मेल बघायला गेलो आणि कोपऱ्यातला फोटो बदलला, असं होतं. त्यावर सिंक चालू झालं तर बुकमार्क, इतिहास, पासवर्ड त्या खात्याच्या मागे मागे फोनवरही जातात. पुतण्याने एकदा बाबांच्या प्रोफाईलमध्ये गेम खेळून झाल्यावर गुपचूप सगळा इतिहास पुसला. आजोबांच्या फोनमधला इतिहासही साफ झाला, कारण खातं एकच. महिनाभर शोधून काढलेलं सांधेदुखीवरच्या आसनांचं पान त्यात गेलं. गेम खेळल्याबद्दल बाबा काही बोलले नाहीत, आसनांबद्दल बोलले.

कडी नसलेलं दार

वाड्यात चुली वेगळ्या असल्या तरी एका भावाच्या स्वयंपाकघरातून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाणाऱ्या दाराला कडी नसते. प्रोफाईलचंही तसंच. गोल चित्रावर क्लिक करून कुणीही कुणाच्याही प्रोफाईलमध्ये जाऊ शकतो. क्रोममध्ये प्रोफाईलला वेगळा पासवर्ड लावायची सोय नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे: ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांच्याबरोबरच संगणक वापरा.

साठवलेले पासवर्ड उघडे करून बघायला गेलं तर विंडोज आधी स्वतःचा पिन किंवा पासवर्ड विचारतं, हे खरं. पण तोच पासवर्ड लॉगिनच्या चौकटीत आपोआप भरला जातो तेव्हा सहसा कुणी काही विचारत नाही. म्हणजे पासवर्ड वाचता आला नाही तरी वापरता येतो. भरण्याआधीही पिन विचारावा असं सेटिंग क्रोमच्या पासवर्डच्या पानात आहे. संगणकावर एकापेक्षा जास्त माणसं बसत असतील तर ते आजच चालू करा. आणि हॉलमधला संगणक सगळ्यांना उघडता यावा म्हणून विंडोजचा पिन सगळ्या घराला तोंडपाठ असेल, तर तोही उपाय गेलाच.

खरी कडी हवी असेल तर ब्राउझरच्या एक पायरी खाली उतरावं लागतं. विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं वापरकर्ता खातं काढायचं, प्रत्येकाला स्वतःचा पिन. मग प्रत्येकाची फाईलींची जागा वेगळी होते आणि एकाच्या फोल्डरमध्ये दुसरा साधा वापरकर्ता शिरू शकत नाही. ब्राउझरची प्रोफाईलंही फोल्डरच असल्यामुळे तीही त्या भिंतीआड जातात. उठताना विंडोजची कळ आणि एल दाबलं की पडद्याला कुलूप. फक्त घरातल्या ज्याचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर असेल त्याच्याकडे सगळ्या खोल्यांची किल्ली असते, म्हणून बाकीच्यांना साधं खातंच द्यावं आणि ॲडमिनिस्ट्रेटर कोण हे घरात उघड असावं.

मग प्रोफाईल कधी पुरे आणि वेगळं खातं कधी? माझं मत असं. गोंधळ टाळायचा असेल तर प्रोफाईल. लपवायचं किंवा जपायचं असेल तर विंडोजचं खातं. बँकेचं काम ज्या माणसाकडे आहे त्याचं खातं वेगळं असावं, मग घर कितीही प्रेमाचं असो. दुकानात, शिकवणीच्या वर्गात, भाड्याने राहणाऱ्या चार मुलांच्या खोलीत तर प्रोफाईलवर भिस्त ठेवूच नये.

आणि जपणं म्हणजे संशय घेणं असं आपल्याकडे लगेच समजलं जातं, ते मला पटत नाही. वहिनी नोकरी शोधत होती तेव्हा अजून सगळे एकाच ब्राउझरमध्ये होतो. तिने दोन ठिकाणी अर्ज केले, आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या वर्तमानपत्राच्या पानावर नोकरीच्या जाहिराती. बाबांनी जेवताना विचारलं, ‘कुणी नोकरी सोडतंय का?’ तिला ही गोष्ट नक्की झाल्यावर सांगायची होती. जाहिरातवालेही बिल्ल्यांवरूनच ओळखतात, म्हणून प्रोफाईल वेगळं केल्यावर हे बरंच थांबतं. अगदी शंभर टक्के नाही. घरचं वायफाय एकच, त्यामुळे बाहेरच्या जगाला सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो आणि त्यावरून अंदाज बांधणारे असतातच.

एक गोष्ट प्रोफाईल अजिबात वेगळी करत नाही, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डाउनलोड. विंडोजचं खातं एक असेल तर चारी प्रोफाईलमधून उतरवलेल्या फाईली एकाच डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. वाड्यात चुली वेगळ्या, पण खरकटं एकाच मोरीत. आमच्या त्या फोल्डरमध्ये एकदा डोकावलो तर सगळ्यांची आधार कार्डं, बाबांची बँकेची विवरणपत्रं, वहिनीचा बायोडेटा आणि सातबारा असं सगळं गुण्यागोविंदाने नांदत होतं. ई-आधारच्या फाईलला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल हा त्याचा साचा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि घरात कुणाला कुणाचं जन्मसाल माहीत नसतं? प्रत्येक प्रोफाईलच्या सेटिंगमध्ये डाउनलोडची जागा बदलता येते. त्याने फाईली वेगळ्या पडतात, पण कुलूप लागत नाही.

पाहुणा आणि गुप्त विंडो

आता दोन शब्द इन्कॉग्निटोबद्दल, म्हणजे ब्राउझरच्या गुप्त विंडोबद्दल. त्यातली टोपी आणि चष्म्याची खूण पाहून लोकांना वाटतं की आपण अदृश्य झालो. ही विंडो एवढंच करते: ती बंद केली की त्यातले बिल्ले आणि इतिहास या संगणकावरून टाकून दिले जातात. संकेतस्थळाला, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही दिसतच असता. यावरून अमेरिकेत गूगलवर २०२० साली खटला झाला आणि २०२४ मध्ये समझोत्यात गूगलने अशा विंडोंमधून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं.

इथे दोन गोष्टी कळल्यावर मलाही नवल वाटलं होतं. एक, दोन इन्कॉग्निटो विंडो उघडल्या तर त्यांचा खिसा एकच असतो, त्यामुळे जुळ्यांचे अर्ज तिथेही एकमेकांत गेले असते. दुसरी जास्त महत्त्वाची. ती विंडो ज्या प्रोफाईलमधून उघडली त्याचे बुकमार्क तिथे दिसतात आणि त्याचे साठवलेले पासवर्डही भरता येतात. म्हणून घरी आलेल्या पाहुण्याला मेल बघायची असेल तर इन्कॉग्निटो देऊ नका, गेस्ट विंडो द्या. ती त्याच गोल चित्राच्या यादीत असते. गेस्टमध्ये घरच्या कुणाचंच काही दिसत नाही, आणि बंद केल्यावर पाहुण्याचंही मागे राहत नाही. डाउनलोड केलेली फाईल तेवढी राहते.

याची उलटी बाजू झेरॉक्सच्या दुकानात. मार्कशीट फोनमध्ये आहे, प्रिंट काढायची आहे, मागे पाच माणसं उभी आहेत, आणि आपण दुकानदाराच्या संगणकावर वॉट्सॲप वेब जोडतो. प्रिंट हातात आली की निघतो. बिल्ला तिथेच. रात्री कधी आठवलं तर घाबरून परत जायची गरज नाही, फोनमधूनच तो रद्द करता येतो: वॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथून त्या संगणकाला बाहेर काढा. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावरही अशीच यादी असते. स्टँडवाल्याला फोन करून ४७ नंबर बाद करायला सांगावं, तसं. मुळात दुकानदाराच्या मेलवर फाईल पाठवणं किंवा पेनड्राइव्ह नेणं बरं, आणि अगदीच लॉगिन करायची वेळ आली तर आधी गेस्ट विंडो उघडून मागा. माझ्या अनुभवात दुकानदार नाही म्हणत नाहीत. त्यांनाही लोकांचे बिल्ले सांभाळायची हौस नसते.

चूल मोडताना

फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी अधलामधला प्रकार आहे, कंटेनर नावाचा. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं स्वतःचं एक्स्टेन्शन त्यासाठी मिळतं. एकाच विंडोत वेगवेगळ्या रंगाचे टॅब, प्रत्येक रंगाचा बिल्ल्यांचा खिसा वेगळा. इतिहास, बुकमार्क, पासवर्ड मात्र सामाईक. एका माणसाला तीन खाती सांभाळायची असतील तर हे फार छान, घरातल्या चौघांना वाटून द्यायला उपयोगाचं नाही.

प्रोफाईल काढून टाकायची वेळही येते. कुणी शिकायला बाहेर जातं, कुणाची नोकरी बदलते. गोल चित्राच्या यादीतून प्रोफाईलच्या व्यवस्थापनाच्या पडद्यावर गेलं की तिथे हटवायची सोय आहे. हटवलं की त्या फोल्डरमधलं सगळं या संगणकावरून जातं. सिंक चालू असेल तर खात्यात जपलेलं तिकडे राहतं, नसेल तर कायमचं गेलं. आईच्या खात्याविना असलेल्या प्रोफाईलसारखं एखादं हटवताना म्हणून दोनदा विचार करावा.

दादाने मागच्या वर्षी नोकरी बदलली तेव्हा त्याच्या ऑफिसच्या प्रोफाईलला मी हात लावला नाही, आधी बुकमार्क बाहेर काढून ठेव म्हटलं. बुकमार्कच्या पानावर ते एका फाईलमध्ये उतरवून घ्यायची सोय असते, ती फाईल नंतर दुसऱ्या प्रोफाईलमध्ये चढवता येते. त्याने काढली. ऑफिसचं एकही पान त्यात नव्हतं. राजगडाहून तोरण्याला जायची वाट, जुन्या बुलेटचे सुटे भाग, आणि पनीरच्या तीन पाककृती. ती फाईल कुठे गेली म्हणून तो दोन दिवस शोधत होता. होती अर्थात डाउनलोडच्या फोल्डरमध्ये, बाबांच्या विवरणपत्राखाली.